कर्णाचे वकील आणि द्रौपदीची साक्ष

मंडळी, इंदुरीत बोलतोय म्हणून दाभाड्यांपासून सुरुवात करतो. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे बाजीरावाविरुद्ध लढताना पडले. बरोबर कोण होतं, यावर या गढीच्या सावलीत आजही दोन मतं निघतील. पण वाद घालणारा निदान एखादं पत्र, एखादी तारीख पुढे ठेवील. कर्णाचा विषय निघाला की मात्र कागद कोणी मागत नाही. तिथे सगळे वकील.

ही वकिली महाराष्ट्रात जोरात सुरू झाली ती १९६७ साली. त्या वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. सावंत तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे, कोल्हापुरात शिक्षक. त्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. एकाच वर्षी, एकाच माणसाबद्दल, दोन उलट निकाल! सावंतांचा कर्ण तेजस्वी, वंचित, दानशूर. इरावतीबाईंचा कर्ण मोठेपणाच्या हव्यासात वाहवत गेलेला. पुढे १९७३ मध्ये रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहून कर्णाची बाजू आणखी हळवी केली, आणि दाजी पणशीकरांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ असा उलटतपासणीचाच मथळा देऊन पुस्तक काढलं. घराघरांत, एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर दोन पक्ष पडले ते असे.

कर्णाच्या बाजूचा सगळ्यात लाडका युक्तिवाद प्रेमाचा आहे. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ म्हणून त्याला भर सभेत नाकारलं, ते शल्य त्याच्या मनात राहिलं, आणि म्हणून द्यूतसभेत त्याच्या तोंडून भलतं निघालं. ऐकायला किती सरळ वाटतं, नाही? पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं खर्चून, शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मूळ पाठात हा नकार नाही. तो खाली, गाळलेल्या पाठांत गेला आहे. सुकथनकरांनी संपादलेलं आदिपर्व १९३३ सालीच पूर्ण झालं होतं. म्हणजे ज्या प्रसंगावर कर्णाचा सगळा बचाव उभा, तो प्रसंग कादंबऱ्या येण्याच्या तीस-चाळीस वर्षं आधी मूळ पाठाबाहेर गेला होता.

आणि द्यूतसभा? ती मात्र मूळ पाठात जशीच्या तशी आहे. विकर्ण उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलीच नाही. त्याला गप्प करतो तो कर्ण. तिला पाच नवरे आहेत म्हणून अपशब्द वापरतो तो कर्ण, आणि पांडवांची व तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगतो तोही कर्णच.

कादंबरीकाराने मूळ पाठालाच धरून राहावं असं मी म्हणत नाही. इरावतीबाईंनाही मोह झालाच की! शेवटच्या वाटेवर द्रौपदीला भीमाचं प्रेम उमगतं, हे त्यांनी मनाने रचलं. पण आधी सांगून टाकलं की इथवर आवृत्तीच्या आधाराने, इथून पुढे माझी नरोटी. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे. कर्णावर अन्याय झाला, हे सिद्ध करायला प्रेमकथेची गरजच काय? रंगभूमीवर भीम त्याला ‘चाबूक घे’ म्हणतो, तो प्रसंग मूळ पाठात ठामपणे आहे. जातीवरून झालेला तो अपमान खरा आहे, आणि ‘मृत्युंजय’ वाचताना ज्या हजारो वाचकांचे डोळे भरले त्यांना तो आपला वाटला, हेही खरं. पण तो अपमान केला भीमाने. नकाराची गोष्ट आत घेतली की त्याची वसुली द्रौपदीकडून होते, आणि आपल्याला ती रास्त वाटायला लागते. वर्तमानपत्रात ‘एकतर्फी प्रेमातून’ अशी बातमी येते ना, तिचंच हे व्याकरण. हॅरी पॉटरमधल्या स्नेपचंही तेच झालं. लिलीवरचं त्याचं प्रेम कळलं, आणि वर्गातल्या पोरांना त्याने वर्षानुवर्षं छळलं होतं ते पुष्कळ वाचक एका प्रकरणात विसरले.

‘मृत्युंजय’मध्ये कर्ण बोलतो, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे बोलतात. द्रौपदीला निवेदन नाही. तिची साक्षच काढलेली नाही. लोककथेने मात्र तिला मन दिलं. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या जांभूळ आख्यानात कर्ण सहावा असता तर, असं तिच्याच मनात येतं. उद्योगपर्वात हीच गोष्ट कृष्ण कर्णाला देऊ करतो: पांडवांकडे ये, द्रौपदी सहाव्या पाळीला तुझ्याकडे येईल. तिला विचारलंय कोणी? नाही. कर्ण ते नाकारतो, मैत्रीसाठी, आणि तिथे तो खरोखर मोठा दिसतो. त्याच भेटीत तो सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना कटू बोललो, त्याचा आज ताप होतो. त्याने स्वतः दिलेलं कारण एवढंच. त्यात स्वयंवर नाही, नकार नाही. आणि द्रौपदीचं नावही नाही.

आता प्रश्न विचारा. फक्त कोणता प्रसंग कुठे वाचला, तेवढं आधी सांगा.