पेशंट सांभाळणाऱ्या आया आणि ब्युरोचे मालक: आरोग्य विम्यात कोणाला काय मिळतं?

लकवा झालेल्या माणसाला उठवून बसवणं, अंघोळ घालणं, डायपर बदलणं, औषधं वेळेवर देणं, रात्रभर उशाशी जागं राहणं. हे काम करणाऱ्या बायकांना शहरात आया किंवा मावशी म्हणतात. त्यांना घरोघरी ड्युटीवर पाठवतो तो ब्युरो. आमच्या शाळेतल्या मुलांच्या आया, खाला, फुप्या यांच्यापैकी अनेकजणी हेच काम करतात.

दुसऱ्याचं आजारपण काढणारी ही बाई स्वतः आजारी पडली की घरावर दोन ओझी एकदम येतात. एक दवाखान्याचं बिल आणि दुसरं बुडालेला रोज. मग मोहल्ल्यात चंदा गोळा होतो. खरं तर यासाठी दोन सरकारी योजना आहेत. एक कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, आणि दुसरी जन आरोग्य योजना. लोक या दोन्हींची गल्लत करतात. कार्ड काढलंय ना, मग झालं, असं समजतात. फरक नीट समजून घेणं गरजेचं आहे, म्हणून दोन्हींची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी पाहा, पगार कोण देतं?

ब्युरो दोन पद्धतींनी चालतात. पहिल्या पद्धतीत ब्युरो फक्त आया आणि पेशंटचं घर यांची गाठ घालून देतो, कमिशन घेतो आणि बाजूला होतो. पगार घरवाले थेट बाईच्या हातात देतात. अशा वेळी ती घरकामगार धरली जाते. एखाद्याचं राहतं घर म्हणजे कारखाना किंवा आस्थापना नव्हे, त्यामुळे तिथे ईएसआय लागू होत नाही.

दुसऱ्या पद्धतीत ब्युरो घरवाल्यांकडून पैसे घेतो, आपला हिस्सा ठेवून आयाला पगार देतो, ड्युटी लावतो, ती आली नाही तर बदली बाई पाठवतो. इथे ब्युरो हाच मालक ठरतो आणि त्याच्यावर विम्याची जबाबदारी येते. पाटीवर "फक्त प्लेसमेंट" लिहिलं म्हणून ही जबाबदारी टळत नाही. व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहिलं जातं.

ईएसआय: दवाखानाही, बुडालेला पगारही

ही योजना १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. आता ती सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आली आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर नोंदणी सक्तीची आहे. दहापेक्षा कमी असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगारांच्या संमतीने स्वेच्छेने सामील होता येतं. एकदा योजना लागू झाली की नंतर माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली व्यक्ती यात येते. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर असा आहे: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. हिशोब करून पाहू. आयाचा पगार १५,००० रुपये असेल तर तिच्या पगारातून ११३ रुपये कापले जातील आणि मालक आपल्या खिशातून ४८८ रुपये भरेल. बारा आया असलेल्या ब्युरोला महिन्याला ५,८५६ रुपये पडतात. मालकाचा वाटा आयाच्या पगारातून कापणं बेकायदेशीर आहे.

त्याच्या बदल्यात काय मिळतं?

– नोकरीच्या पहिल्या दिवसापासून स्वतःला आणि अवलंबून असलेल्या घरच्यांना उपचार. यात ओपीडी आणि औषधंही आली.
– आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी.
– बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण सरासरी पगार. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे.
– कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. इथे वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामावर जाता-येता झालेला अपघातही कामाशी संबंध दिसत असेल तर यात धरला जातो.

शेवटचा मुद्दा आयांसाठी फार मोलाचा आहे. जड पेशंटला उचलताना पडून हाड मोडणं, ओल्या बाथरूममध्ये पाय घसरणं, रात्रपाळी संपवून येताना लोकलच्या गर्दीत इजा होणं, हे या धंद्यातले रोजचे धोके आहेत. असं काही झालं तर त्याच दिवशी ब्युरोला लेखी कळवावं. मेसेज केला असेल तर तो जपून ठेवावा.

जन आरोग्य योजना: फक्त हॉस्पिटलचा खर्च

जी बाई ईएसआयमध्ये बसत नाही, तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना आहेत. महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि हप्ता एक पैसाही नाही. पूर्वी राज्याच्या योजनेत पिवळी आणि केशरी शिधापत्रिका लागायची, मर्यादा दीड लाखाची होती. २०२३ च्या निर्णयानंतर पांढऱ्या कार्डासह सगळ्यांना ती खुली झाली.

पण मर्यादा ओळखा. ठरलेल्या यादीतले उपचार, यादीतल्या हॉस्पिटलात, बहुतेक वेळा भरती झाल्यावरच. साधा ताप, शुगरच्या रोजच्या गोळ्या, कंबरेची नेहमीची ओपीडी यात नाही. आणि महिनाभर घरी बसलात तर पगार कोणी देत नाही. म्हणून ब्युरोवाला "कार्ड काढून घे, ईएसआय कशाला?" असं म्हणाला तर ते बरोबर नाही. कार्ड हॉस्पिटलचा खर्च उचलतं, चूल पेटती ठेवत नाही.

मालकाचं स्वतःचं काय?

छोट्या ब्युरोचे मालक बरेचदा स्वतःच आधी वॉर्डबॉय किंवा नर्स होते. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक हा कामगार नसतो, म्हणून आयांची वर्गणी भरली तरी त्याला स्वतःला ईएसआय मिळत नाही. त्याच्यासाठी तीन गोष्टी आहेत. एक, शिधापत्रिकेवर जन आरोग्य योजना. दोन, खासगी विमा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. गटविम्याला मात्र ही सूट नाही. जुन्या करपद्धतीत स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण हप्ता रोखीने भरलेला नको. तीन, घरात ७० वर्षांवरचे अम्मी-अब्बा असतील तर उत्पन्न कितीही असो, त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली.

कागद आत्ताच जुळवा

आम्ही शिक्षक मंडळी शाळेच्या दाखल्यांवर एक गोष्ट रोज पाहतो. आधारवर "शेख", रेशन कार्डावर "शैख". एका कागदावर "बी", दुसऱ्यावर "बेगम", तिसऱ्यावर "बानो". लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरच. हॉस्पिटलच्या काउंटरवर घाईच्या वेळी नेमकं इथेच घोडं अडतं. आधार आणि शिधापत्रिकेवरचं नाव एकसारखं करून घ्या, सासरच्या कार्डावर नाव चढवा, मोबाइल नंबर आधारला जोडा. आयुष्मान कार्ड तब्येत ठणठणीत असतानाच काढा. माहितीसाठी १४५५५ हा टोल फ्री नंबर आहे.

आयांनी ब्युरोला काय विचारायचं?

माझा दहा आकडी विमा क्रमांक काय? या महिन्याची वर्गणी भरली का? मालकाने ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. क्रमांक मिळाला की उमंग ॲपवर वर्गणीची नोंद स्वतः पाहता येते. ॲप जमत नसेल तर घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत काढून देईल. पगारातून पैसे कापले जात असतील आणि नोंद दिसत नसेल, तर पगाराची चिठ्ठी किंवा बँकेची नोंद घेऊन ईएसआयच्या जवळच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार करा. एकटीने जायला धीर होत नसेल तर चार-पाच जणी मिळून जा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.