केडगावच्या माळावरची आशा

 ५ एप्रिल १९२२ ला पंडिता रमाबाई केडगावात वारल्या. केडगाव म्हणजे आपलं दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेलाईनवरचं. नगरजवळचं केडगाव वेगळं. कमेंटमध्ये गोंधळ होतो म्हणून आधीच सांगून टाकतो.

रमाबाईंवर काही लिहिलं की दोन ठराविक प्रतिक्रिया येतात. एक गट फोटोला हार घालतो, स्त्रीशिक्षण, समाजसुधारणा, विनम्र अभिवादन, झालं. दुसरा गट म्हणतो, बाई बाटली, विषय संपला. त्यांच्या श्रद्धेबद्दल मात्र दोघांनाही बोलायचं नसतं. पहिल्यांना ती अडचणीची वाटते आणि दुसऱ्यांना ती फक्त शिवी म्हणून पुरते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण गेली वीस वर्षं दुष्काळ, गारपीट, पडलेले बाजारभाव आणि कर्जापायी गेलेली माणसं यांच्या बातम्या लिहितोय. आमच्या बातम्यांत 'आशा' हा शब्द फक्त 'पल्लवित' होण्यापुरता येतो, तोही पहिल्या पावसात. म्हणून मला रमाबाईंना एकच विचारावंसं वाटतं. ज्या बाईनं आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती एक लेक गमावली, तिला देव चांगला आहे असं वाटलं तरी कसं? आणि वाटलं तर त्या वाटण्याचं तिनं केलं काय?

आधी त्यांनी काय भोगलं ते बघू, कारण शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींत उरकतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. तो भाग आता कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांसमोर जाब द्यावा लागला, तरी मागे हटले नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत फिरायचं, देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात ते उपासमारीच्या तोंडी सापडले. दागिने, भांडीकुंडी, सगळं विकून संपलं. भीक मागायची सवय नाही, अंगमेहनतीचं काम येत नाही. रानात पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, मग काही महिन्यांत आई आणि मोठी बहीणही गेली.

आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी खांदेकरी खुद्द रमाबाई. त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तसं तीनेक मैल चालल्या. वयाची विशीही गाठलेली नव्हती. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि लिहिताना कुठंही गळा काढलेला नाही.

पुढे बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरले. काश्मीरकडे झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे केले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तोवर तिचा जुना विश्वास आतून उसवला होता. सगळी व्रतं केली, सगळी तीर्थं केली, आणि हाती काय आलं, तर तीन मृत्यू. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, जातीबाहेर. दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा पटकीनं गेला. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांना पटवलं ते एखाद्या पाद्र्याच्या प्रवचनानं नव्हे. लंडनमध्ये फुलहॅमला त्या सिस्टरांचं एक घर होतं, समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. तिथं अशा बायकांना जवळ घेतलं जातं, त्यांच्या हाताला काम दिलं जातं, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. ज्या पोथ्या त्या लहानपणापासून पाठ म्हणत आल्या होत्या, त्यांत अशा बाईसाठी शिक्षा होती, जागा नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मग विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो ती गोष्ट त्यांनी वाचली. म्हणजे या बाईला देवाचा चांगुलपणा आधी दिसला तो माणसांच्या हातातून. पुस्तक नंतर आलं.

आणि लगेच सगळं सुरळीत झालं असंही नाही. वाँटेजमध्येच त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. ऐकू कमी यायला लागलं, त्यामुळे डॉक्टर व्हायचं स्वप्न संपलं. चर्चच्या अधिकाऱ्यांशी आणि सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून जे वाद घातलेत ते वाचले तर कळतं की ही बाई मान खाली घालून विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. नंतर त्यांनी कबूल केलंय की बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली.

आता जरा अवघड मुद्द्याकडे येतो.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की ख्रिस्ती आशा म्हणजे स्वर्गाचं आश्वासन. इथं सोसा, तिथं मिळेल. तसं सांगणारे असतातही. पण बायबलात सत्ताविसावं स्तोत्र आहे, दाविदाच्या नावावरचं. बोलणारा शत्रूंनी घेरलेला आहे, आईबापसुद्धा टाकतील अशी भाषा त्यात येते. आणि तरी त्याचा भरवसा असा की देवाचा चांगुलपणा मी मेल्यावर नाही, इथंच, जित्या माणसांत असताना पाहीन. रमाबाईंच्या आयुष्याला हे स्तोत्र लावून बघा, चपखल बसतं. फरक इतकाच की चांगुलपणा दिसेल म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. तो कुणाला तरी दिसावा म्हणून धान्याची पोती मोजत राहिल्या.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत ही शाळा तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई मात्र आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून भडका उडाला. 'केसरी'नं झोड उठवली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते इथं पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती, शब्द दिला होता आणि तो ताणला गेला. पण त्याच शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. त्या आनंदीबाई कर्वे. ख्रिस्ती झाल्या नाहीत. शारदा सदनातलं शिक्षण हिंगण्याच्या घरापर्यंत असं पोचलं. चांगुलपणानं बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही, निदान इथं तरी.

खरी कसोटी पुढे लागली. १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. रमाबाईंना त्यात आपलंच जुनं कुटुंब दिसलं. त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांत अनाथ मुलींना हेरून नेणारे दलाल फिरत होते. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. ठेवायच्या कुठं? पुण्यात प्लेग, सरकारी निर्बंध, नव्या माणसांना बंदी. केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. उघडा माळ. तिथं झोपड्या उभारल्या, विहिरी खोदल्या. 'मुक्ती' तिथं अशी सुरू झाली.

याच वेळची आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांची काय हालत होते आणि आपल्या आश्रमातल्या एका मुलीचं काय झालं, यावर रमाबाईंनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण पार इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. सरकारनं आरोप फेटाळले. ज्या बाईची संस्था गोऱ्यांच्या देणग्यांवर चालते, ती गोऱ्या सरकारला उघड जाब विचारते, हे 'बाटली' म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावं. देवावर भरवसा आहे म्हणून गप्प बसायचं, हा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही.

मग १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ. गुजरात, काठेवाड, राजपुताना. या वेळी गंमत बघा, मुली आणायला आधीच्या दुष्काळात वाचलेल्या मुलीच गेल्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना कुणीतरी उचलून आणलं होतं, त्या आता दुसऱ्यांना आणत होत्या. मुक्तीत माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार पोटं, दोन वेळा. शेती, दुभती जनावरं, हातमाग, तेलघाणा, शिवण, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि आंधळ्या मुलींना शिकवायला लागल्या.

एक प्रश्न विचारायलाच हवा. उपाशी मरणाऱ्या मुलीला भाकरीसोबत प्रार्थना मिळते, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते? मुक्तीत पुढे मोठ्या संख्येनं बाप्तिस्मे झाले, हे खरंय. हा आक्षेप त्या काळातही होता, आणि त्याला नुसतं भाषणातून उत्तर देणारे पुष्कळ होते. पंजाबात लाला लजपतराय आणि आर्यसमाजाच्या लोकांनी मात्र स्वतः उतरून दुष्काळी अनाथ मुलं आणली, सांभाळली. मला तो आक्षेप घ्यायची खरी रीत हीच वाटते. बाकीच्यांचा राग मुली वाचवल्या म्हणून होता की कुणी वाचवल्या म्हणून, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

रमाबाईंच्या आशेचा शेवटचा हिशेब मात्र गोड नाही. आयुष्याची शेवटची पंधरा-सतरा वर्षं त्यांनी एका कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर, हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळातून. आधीची भाषांतरं संस्कृत शब्दांनी जड झालेली. त्यांना हवं होतं ते खेड्यातल्या, नुकतंच अक्षर लागलेल्या बाईला वाचता येईल असं. ज्यांनी संस्कृतवर पदव्या मिळवल्या त्यांनीच संस्कृत बाजूला ठेवलं. टाईप जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका.

संस्था पुढे सांभाळेल ती मनोरमा, असं सगळं ठरलेलं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारल्या, चाळिशीच्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, जवळपास बहिऱ्या, थकलेल्या. घरातलं शेवटचं माणूस गेलं. ज्या देवाला त्यांनी चांगला म्हटलं त्यानं एवढंही ठेवलं नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला मी तरी उत्तर देऊ शकत नाही. त्यांनी दिलेलं उत्तरही माझ्या वाचनात नाही. माहीत आहे ते एवढंच की भाषांतराचं काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि मग त्या गेल्या, असं केडगावात सांगतात. पुस्तक छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये.

मुक्ती मिशन अजून चालू आहे. बायका आहेत, मुली आहेत. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव स्टेशनला उतरा.