धुतलेले जाते कोठे? पाण्याच्या झोताचा इतिहास

चिखलाने माखलेला ट्रॅक्टर ब्रशने घासून स्वच्छ करायला बराच वेळ जातो. रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवरचा कामगार हातातल्या लांब नळीचा खटका दाबतो आणि तोच चिखल पाहता पाहता खाली उतरतो. पाणी तेच, चिखल तोच. मग फरक कशाचा? आठवी-नववीच्या मुलांना विचारले तर बहुतेक जण ‘दाबाचा’ असे उत्तर देतील. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. हा दाब येतो कोठून, नळीबाहेर पडल्यावर त्याचे काय होते आणि निघालेला चिखल जातो कोठे, हे तीन प्रश्न त्यामागे उभे आहेत. पाण्याच्या झोताचा इतिहास आपण या तीन प्रश्नांच्या आधाराने पाहू. यातला तिसरा प्रश्न माणसाने सर्वांत उशिरा विचारला, आणि त्या उशिराची किंमत एका संपूर्ण खोऱ्याला मोजावी लागली.

पंप आणि नळी

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे क्टेसिबियस नावाच्या संशोधकाने दोन नळकांड्यांचा दाबपंप बनवला. एका नळकांड्यातला दट्ट्या खाली जात असताना दुसऱ्यातला वर येई, त्यामुळे पाणी जवळजवळ अखंड बाहेर पडे. पुढे हेरॉन याने आग विझवण्यासाठी अशाच पंपाचे वर्णन करून ठेवले. आजच्या धुलाईयंत्रातला पंप हा याच कुळातला आहे.

पंप असला तरी पाणी हव्या त्या जागी नेण्याची सोय व्हायला फार काळ लागला. १६७०च्या दशकात ॲमस्टरडॅममधील यान व्हान डर हायडन याने आगीच्या बंबाला चामड्याची लवचिक नळी जोडली. हा गृहस्थ व्यवसायाने चित्रकारही होता. त्याच्या थोडे आधी, १६६३ मध्ये, पास्कलचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला होता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा आपण शाळेत शिकवतो तो नियम त्यात आहे. पंपाजवळचा दाब लांबलचक नळीच्या टोकाशी कसा मिळतो, याचे उत्तर याच नियमात आहे.

डोंगर धुणारे पाणी

झोताची खरी ताकद जगाला दिसली ती कॅलिफोर्नियात. १८४८ मध्ये तेथे सोने सापडले आणि हजारो माणसे नद्यांकाठी जमली. नदीतले सहज मिळणारे सोने लवकरच संपले. उरले ते डोंगरांच्या पोटात दडलेल्या प्राचीन नदीपात्रांतल्या वाळू-गोट्यांत, अगदी बारीक कणांच्या रूपात. फावड्याने एवढा डोंगर उपसणे परवडणारे नव्हते. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटेसन या खाणकामगाराने कॅनव्हासच्या नळीला निमुळते तोंड बसवले आणि पाण्याचा झोत सरळ टेकडीच्या उभ्या अंगावर सोडला. टेकडी ढासळू लागली.

येथे पंप नव्हता. उंचावरच्या ओढ्यांतून कालवे काढून पाणी डोंगरमाथ्यावर आणत आणि तेथून नळाने खाली सोडत. पाण्याची उंची दर १० मीटरला सुमारे एक बार, म्हणजे साधारण एका वातावरणाइतका, दाब देते. १०० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याला १० बार दाब मिळतो. नळीबाहेर पडताना या दाबाचे वेगात रूपांतर होते. घर्षणातली घट सोडली तर वेग हा (२ × दाब ÷ घनता) याच्या वर्गमुळाइतका असतो. हिशेब केला तर १० बारला सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटर वेग येतो. पुढे कॅनव्हासऐवजी लोखंडी नळ आले, हव्या त्या दिशेला वळवता येणाऱ्या तोफेसारख्या नळ्या आल्या आणि मॅलाकॉफसारख्या ठिकाणी डोंगरांच्या जागी प्रचंड खड्डे उरले.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

गाळ लाकडी पन्हळींतून वाहत जाई. पन्हळीत टाकलेला पारा सोन्याचे कण धरून ठेवी. उरलेली माती, वाळू, गोटे आणि निसटलेला पारा नदीत जाई. खाणवाल्यांच्या दृष्टीने काम तेथे संपत होते. खालच्या शेतकऱ्यांचे संकट मात्र तेथूनच सुरू होत होते. युबा नदीचे पात्र गाळाने वर येत गेले. सुपीक शेतांवर वाळू पसरली. मेरीसव्हिल गावाने बांध घातले, नदी चढली तसे ते उंच केले. तरीही १८७५ च्या पुरात पाणी गावात शिरले.

शेवटी प्रकरण न्यायालयात गेले. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी खाण कंपन्यांना हा गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. झोत वापरण्यावर बंदी नव्हती. बंदी होती ती धुतलेले दुसऱ्याच्या दारात ढकलण्यावर. १८९३ च्या कायद्याने गाळ अडवणारे बंधारे बांधण्याच्या अटीवर परवानगी देता येऊ लागली, पण तो खर्च धरला तर बहुतेक खाणींचा धंदा परवडेनासा झाला. म्हणजे इतकी वर्षे झालेल्या नफ्यातला मोठा भाग शेतकऱ्यांच्या खर्चाने झाला होता.

१९१७ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने हा गाळ नद्यांतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत कसा सरकत गेला, याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या खोऱ्यातल्या गाळात आणि माशांत तेव्हाचा पारा आजही सापडतो.

गॅरेजमधली वाफ आणि गरम पाणी

विसाव्या शतकात मोटारी वाढल्या आणि झोतापुढे ग्रीसचे नवे काम आले. १९२०च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात फ्रँक ओफेल्ट याने वाफेचा झोत सोडणारे सफाईयंत्र तयार केले. १९५० मध्ये जर्मनीत आल्फ्रेड कार्शर यांच्या कंपनीने गरम पाणी आणि उच्च दाब एकत्र आणणारे यंत्र काढले. १९८४ मध्ये त्याच कंपनीने घरी वापरता येईल असे हातगाडीवजा यंत्र बाजारात आणले, आणि एका माणसाला एका यंत्रावर धुलाईचा धंदा करणे सोपे झाले.

गरम पाण्याचे महत्त्व मुलांना लगेच पटते, कारण तेलकट ताट थंड पाण्याने निघत नाही हे त्यांनी पाहिलेले असते. १९५९ च्या सुमारास हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने हीच गोष्ट सूत्रात मांडली. सफाईला चार गोष्टी लागतात : रसायन, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर उरलेल्यांतली एखादी वाढवावी लागते. जाणकार कामगार म्हणूनच दाब वाढवण्याआधी साबण लावून काही मिनिटे थांबतो, मात्र तो वाळू देत नाही. साबण तो खालून वर लावतो, नाहीतर कोरड्या मळावरून ओघळ उतरून पट्टे उठतात. धुताना मात्र वरून खाली येतो.

यंत्राच्या आत

आजच्या यंत्रात बहुधा तीन दट्ट्यांचा पंप असतो. प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक पाणी पुढे ढकलतो. समजा, यंत्र १०० बारला मिनिटाला ८ लिटर पाणी देते. वरच्याच सूत्राने झोताचा वेग सेकंदाला सुमारे १४१ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरहून अधिक येतो. झोताची शक्ती सुमारे १,३०० वॅट, आणि धरणाऱ्याच्या हाताला मागे बसणारा रेटा सुमारे दोन किलो वजनाइतका. नोझलचे भोक मात्र जेमतेम एक मिलिमीटर रुंद. साध्या रबरी नळीतून मिनिटाला सहज १५ लिटर पाणी जाते, म्हणजे येथे पाणी निम्मेच लागते.

भोक लहान आणि पाणी ठरलेले, म्हणून दाब चढतो. भोक झिजून त्याचे क्षेत्रफळ फक्त १० टक्के वाढले, तर वेग त्या प्रमाणात घटतो आणि दाब १०० वरून सुमारे ८३ बारवर येतो. पंप गेला असे समजून दुरुस्तीला पैसे घालण्याआधी नोझल बदलून पाहावे ते यासाठी. खटका सोडल्यावरही पंप पाणी ढकलतच असतो. ते परत वळवणारी झडप नसती तर नळी किंवा पंप फुटला असता.

नोझलांना रंग असतात. लाल म्हणजे सरळ धार, पिवळे १५ अंश, हिरवे २५ अंश, पांढरे ४० अंशांचा पंखा, आणि काळे कमी दाबाने साबण लावायचे. ३० सेंटिमीटरवर १५ अंशांचा पंखा ८ सेंटिमीटर रुंद होतो, तर ४० अंशांचा २२. तोच जोर जास्त जागेवर वाटला जातो. रंग कोणता हे निवडणे म्हणजे पृष्ठभागाला किती सोसेल हे ठरवणे.

सोसेल तेवढेच

जुन्या मऊ दगडावर जोराचा झोत मारला तर मळाबरोबर दगडाची वरची पापडीही निघते, सांध्यांतला चुना निघून जातो आणि पाणी भिंतीत मुरते. २००५ मध्ये अमेरिकेतील माउंट रशमोरच्या ग्रॅनाइटवरील दगडफूल काढायला ९० अंशांहून गरम पाण्याचा झोत चालला. ताजमहालाच्या संगमरवरावर मात्र १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वेळोवेळी मुलतानी मातीचा लेप लावला. लेप मळ शोषतो आणि नंतर साध्या पाण्याने धुतला जातो. सिनरच्या भाषेत, जोर कमी करून वेळ वाढवला.

माणसाचे शरीर तर दगडाहून मऊ. १९३७ मध्ये डिझेल इंजिनातल्या उच्च दाबाच्या तेलाची धार त्वचेत घुसल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. पाण्याची धारही अशीच घुसते. बाहेर बारीक टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत खोलवर इजा झालेली असते. अशी जखम किरकोळ समजून घरी न बसता ताबडतोब रुग्णालय गाठले पाहिजे.

आणि धुतलेले? अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने असे पाणी परवानगीशिवाय नदी-नाल्यात सोडणे बेकायदा ठरवले. आपल्याकडे १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आहे. उपाय अवघड नाही. दोन-तीन कप्प्यांची टाकी बांधली तर पहिल्या कप्प्यात वाळू बसते, पुढच्यात तेल वर तरंगते, आणि मधले पाणी गाळून पुन्हा वापरता येते. टाकीला खर्च येतो आणि धुलाईचा दर तेवढा वाढतो. आमच्या मते तो दर खरा. टाकीशिवायचा स्वस्त दर ओढ्याकाठची माणसे भरत असतात.

वर्गासाठी

सुई नसलेल्या सिरिंजने पाणी आधी हळू, मग जोराने उडवून किती दूर जाते ते मुलांना मोजू द्या. धार डोळ्यांवर जाऊ नये याची काळजी घ्या. मग एक मळकी सायकल मोठ्या घमेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर धुवा आणि सगळे पाणी काचेच्या बरण्यांत भरून दोन दिवस ठेवा. तळाचा गाळ पट्टीने मोजा, वरचा तेलाचा तवंग उजेडात पाहा. एका सायकलीचे उत्तर हाती आले, की गावातल्या वॉशिंग सेंटरवर रोज किती गाड्या येतात हे मुलांनाच विचारून यायला सांगा आणि पुढचा गुणाकार फळ्यावर करा.