लळा आणि शाळा: अंगणवाडीमागचा इतिहास

१/८
मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, मासळीचे वाटे पडतात आणि बायका टोपल्या घेऊन बाजाराची वाट धरतात. घरातले लहान मूल तोवर आजीकडे, काकीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे असते. अशा मुलाला लळा कोणाचा लागतो? बालशिक्षणाच्या इतिहासातील हा कळीचा प्रश्न आहे.

२/८
दुसऱ्या महायुद्धाने युरोपातील असंख्य मुले बेघर केली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये अहवाल लिहिला. आई किंवा तिची जागा कायमची घेणारी व्यक्ती यांच्याशी अखंड जिव्हाळा असणे मुलाच्या मानसिक आरोग्यास आवश्यक आहे, असे त्यात म्हटले होते. पुढे यातूनच ‘अटॅचमेंट’ सिद्धान्त आकारास आला.

३/८
त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन निरीक्षणे केली. मूल आईपासून दूर रांगत जाते, भोवताल न्याहाळते आणि पुन्हा तिच्याकडे परतते. लळा मुलाला बांधून ठेवत नाही. जग पाहण्याचे धैर्य देतो.

४/८
मुलाला त्याच्या माणसांतून तोडावे का, हा प्रश्न महाराष्ट्रात त्याआधीच कृतीतून हाताळला गेला होता. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. हीच ‘अंगणवाडी’.

५/८
१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आदिवासी मुली घरी राहत. उत्तर म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या गेल्या. या प्रयोगाचे नाव ‘विकासवाडी’. शिकण्यासाठी भावंडाचा हात सोडण्याची गरज उरली नाही.

६/८
२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. तिच्या केंद्रांचे नाव ‘अंगणवाडी’च ठरले. आज सिंधुदुर्गातील वाड्यावाड्यांतून हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे.

७/८
संशोधनही आईपुरते थांबले नाही. १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र तपासले गेले. देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील फरक मोठा निघाला. त्या आठांत भारत नव्हता. २००६ च्या अशाच एका आढाव्याने दाखवले की मुले शिक्षिकेशीही सुरक्षित नाते जोडतात. मात्र बालसंगोपन केंद्रात ते नाते ती सगळ्या गटाला कशी सांभाळते यावर अधिक अवलंबून असते.

८/८
वडील चाकरमानी म्हणून मुंबईत आणि मूल आजीच्या पदराआड, हे कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. अशा मुलाची अंगणवाडीतील ताई ही केवळ खाऊ देणारी आणि वजन नोंदवणारी नव्हे. घराबाहेर त्याला भेटलेले ते पहिले आपले माणूस असते. मुलांची संख्या आणि वजने नोंदवहीत भरता येतात. आजीचा हात सोडून ताईचा हात धरण्याचा क्षण कोणत्याही रकान्यात बसत नाही. शिक्षण मात्र तेथूनच सुरू होते.