बँक मित्र: काम बँकेचं, पण नोकरी बँकेची का नाही?

दक्षिण सोलापूर तालुक्यातलं मंद्रूप असो की दुसरं कुठलं गाव. खातं उघडणं, अंगठा लावून पैसे काढून देणं ही कामं बँक मित्र करतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2006 मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना सुरू झाली आणि त्यांचं काम वाढलं.

पण बँक मित्र बँकेचा पगारी कर्मचारी नसतो. त्याची कमाई मुख्यतः कमिशनवर, तीही अनेकदा मधल्या कंपनीमार्फत. सर्व्हर बंद पडला की व्यवहार थांबतात, कमाईही थांबते. लोकांचा राग मात्र त्यालाच झेलावा लागतो.

मग या कामात समाधान मिळतं का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवरून 1959 मध्ये एक सिद्धांत मांडला. पगार आणि कामाची परिस्थिती बरी नसेल तर नाराजी वाढते. खरं समाधान मात्र काम तडीस जाण्यातून आणि त्याची दखल घेतली जाण्यातून येतं.

एखाद्या आजीच्या हातात पेन्शन वेळेवर पडली की ते समाधान बँक मित्राला मिळतं. प्रश्न उरतो तो महिन्याच्या खात्रीच्या उत्पन्नाचा.