४ ऑगस्ट : शशिकला यांचा जन्मदिन

शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात झाला. घरची स्थिती खालावल्यावर कुटुंब मुंबईला आले. गायिका-अभिनेत्री नूरजहाँमुळे ‘झीनत’मधल्या (१९४५) कव्वालीत संधी मिळाली आणि पुढे पडद्यावरची कजाग बाई म्हटली की शशिकलाच!

त्यांची सर्वोत्तम भूमिका कोणती? ‘आरती’तली (१९६२) मीनाकुमारीला छळणारी जाऊ अनेकांना आठवते, तिने पहिले फिल्मफेअर मिळवून दिले. ‘सुजाता’, ‘अनुपमा’तल्या अवखळ मुली पाहिल्या, की एवढ्या हसऱ्या चेहऱ्याला खलनायिकाच का दिल्या, असा प्रश्न पडतो. आमचा कौल मात्र बी. आर. चोप्रांच्या ‘गुमराह’ला (१९६३). यातली शशिकला माला सिन्हाच्या घरात बेधडक शिरते, ऐसपैस बसते आणि गोड हसत पैसे मागते. आवाज चढवत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. शेवटी कळते, की ती मालाच्या नवऱ्याची सेक्रेटरी, त्याच्याच सांगण्यावरून वागणारी. म्हणजे सोंगातले सोंग! सलग दुसरे फिल्मफेअर याच भूमिकेचे.

२००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.