रोव्हरने मोजणी: आकाशातल्या उपग्रहाला तुमच्या शेताचा धुरा कसा सापडतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पूर आला, त्यात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत नदी-ओढ्यांच्या काठची जमीन खरडून गेली. पीक गेलं, माती गेली आणि जिथे पाण्याचा जोर जास्त होता तिथे बांधही गेले. पिकाचा पंचनामा होतो, खरडलेल्या जमिनीचाही होतो. पण वाहून गेलेला बांध नेमका कुठे होता, हे कोण सांगणार?

बांधाला या भागात बरेच जण धुरा म्हणतात. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याने धुरा थोडा थोडा कोरला, ही तक्रार तर पूर नसतानाही असतेच. एक फूट सरकल्याने असं काय होतं, असं शहरातल्या माणसाला वाटू शकतं. हिशोब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे १०८९ फूट लांबीचा बांध एक फूट आत आला, की बरोबर एक गुंठा जमीन गेली.

अशा वेळी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज जातो आणि हल्ली भूकरमापक साखळी किंवा फलक घेऊन नाही, तर काठीवर बसवलेलं पांढरं, डब्यासारखं यंत्र घेऊन येतो. तो रोव्हर. "सॅटेलाइटवरून मोजणी झाली, आता चूक होणारच नाही," असं गावात म्हटलं जातं. यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं, तर मोजणीच्या दिवशी बांधावर उभं राहून काय बघायचं ते कळतं.

उपग्रहाला तुमचं शेत माहीत नसतं

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. जीपीएसचा उपग्रह शेताचा फोटो काढत नाही आणि शेत शोधतही नाही. तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरताना दोनच गोष्टी सांगत राहतो: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. हा संदेश जमिनीवर यायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे हे यंत्र काढतं. किमान चार उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली, की यंत्राला स्वतःची जागा कळते. तीन अंतरं जागेसाठी आणि चौथं यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी.

म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा आहे. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटर. साधारण एक फूट. ज्या एका फुटावरून तंटे होतात, तो फूट उपग्रहाच्या घड्याळात एक नॅनोसेकंद असतो.

म्हणूनच अशा उपग्रहांवर अणुघड्याळं बसवतात, आणि ती बिघडली तर बाकीचा उपग्रह धडधाकट असूनही स्थान सांगण्याच्या कामाचा राहत नाही. भारताच्या स्वतःच्या 'नाविक' यंत्रणेला हा फटका बसला आहे. १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या पहिल्या उपग्रहावर, आयआरएनएसएस-१ए वर, तीन रुबिडियम घड्याळं होती. ती परदेशातून आणलेली होती आणि २०१६ मध्ये तिन्ही बंद पडली. त्याच्या जागी जाणारा १एच हा उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी रॉकेटचं उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. पुढे २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं देशी रुबिडियम घड्याळ होतं. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, पण इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणारी झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही.

उपग्रह सोडण्याआधी तो कंपनयंत्रावर हलवतात, हवा काढलेल्या दालनात तापवतात आणि थंड करतात, त्याचा ॲन्टेना तपासतात. तरी एक झडप दगा देते, कारण वर गेल्यावर दुरुस्ती करायला कोणी जाऊ शकत नाही. त्यामुळे मोजणीचं यंत्र एकाच देशाच्या यंत्रणेवर विसंबत नाही. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू, जे ऐकू येईल त्या सगळ्यांचं ते ऐकतं.

मग मोबाईलवर का मोजू नये?

ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाईलच्या जीपीएसवर पिकाचा फोटो अपलोड करतोच. शेताचं क्षेत्र मोजणारी ॲप्सही ढीगभर आहेत. त्या कामापुरती ती ठीक आहेत. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाईलची चूक साधारण पाच मीटरच्या आत असते. आपण कोणत्या शेतात उभे आहोत हे कळायला तेवढं पुरतं.

गंमत अशी, की याच मोबाईलने क्षेत्र मोजलं तर आकडा बऱ्याचदा सातबाऱ्याच्या जवळ येतो. म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण थोड्या वेळात घेतलेल्या सगळ्या बिंदूंची चूक बरीचशी एकाच दिशेला असते. म्हणजे अख्खं शेत जसंच्या तसं चार मीटर पूर्वेला सरकतं. क्षेत्र तेवढंच, हद्द मात्र शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये. बांधाच्या वादात नेमकं हेच चालत नाही.

पाच मीटरचे तीन सेंटीमीटर कसे होतात?

चुकीचा मोठा वाटा वाटेत तयार होतो. वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात, म्हणजे आयनोस्फियरमध्ये, संदेश रेंगाळतो. पण एकमेकांपासून काही किलोमीटरवर असलेल्या दोन यंत्रांसाठी हा अडथळा जवळपास सारखाच असतो. यातूनच युक्ती निघाली. एक यंत्र कायमचं एका पक्क्या जागी बसवायचं, जिची जागा आधीच अचूक ठरवलेली आहे. उपग्रह त्याला काय सांगतात आणि खरं काय आहे, यातला फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. ती शेतातल्या रोव्हरला लगेच कळवायची.

अशा कायम चालू असलेल्या केंद्रांना कॉर्स म्हणतात. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्याच्या भूमी अभिलेख विभागासोबत महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रं उभारली. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सुमारे चार हजार चौरस किलोमीटर येतात. एकटं केंद्र तेवढ्या भागाला पुरत नाही, म्हणून आजूबाजूच्या केंद्रांचा मिळून हिशोब होतो. ही दुरुस्ती रोव्हरपर्यंत मोबाईल इंटरनेटने येते. त्यामुळे उपग्रहाची मोजणी किनवट-माहूरच्या डोंगरात अडते ती बऱ्याचदा उपग्रहामुळे नाही, तर टॉवरमुळे. रेंज नसेल तर स्वतःचं दुसरं यंत्र जवळ उभं करून रेडिओने दुरुस्ती पाठवावी लागते, किंवा नोंदी घेऊन हिशोब नंतर कार्यालयात करावा लागतो.

पण सेंटीमीटरपर्यंत जायला अजून एक पायरी आहे. रोव्हर संदेशातला मजकूर तर वाचतोच, शिवाय तो ज्या लहरीवर येतो ती लहरही मोजतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटीमीटर. असं समजा, की टेपवरच्या बारीक रेघा स्पष्ट दिसताहेत, पण आकडे पुसले गेलेत. दोन रेघांच्या मध्ये कुठे आहोत हे मिलिमीटरपर्यंत कळतं, पण कितव्या रेघेवर आहोत हे कळत नाही. बरेच उपग्रह आणि वेगवेगळ्या लहरी एकत्र पाहून यंत्र तो आकडा शोधतं. सापडला, की पडद्यावर 'फिक्स' येतं. शोध चालूच असेल तर 'फ्लोट'.

या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फिक्स असताना चूक दोन-तीन सेंटीमीटर. फ्लोट असताना ती फूटभर किंवा त्याहून जास्तही असू शकते. फ्लोटवर घेतलेला बिंदू नकाशावर तितकाच ठळक दिसतो, म्हणून तो जास्त धोक्याचा.

धुऱ्यावरची झाडं आणि वाकडी काठी

शेतात सगळीकडे ऊन असतं, पण झाडं नेमकी बांधावर असतात. लिंब, बाभूळ, आंबा. हद्दीचा दगडही बहुतेक तिथेच, सावलीत. झाडाच्या फांद्या उपग्रहाचा संदेश अडवतात आणि कमजोर करतात. जवळ पत्र्याचं शेड असेल तर संदेश त्यावर आपटून येतो, लांबच्या वाटेने आलेला तो संदेश यंत्राला खरा वाटतो आणि जागा चुकते. लातूरकडे उभा ऊस असेल तर यंत्र उसाच्या वर काढावं लागतं, आणि काठी जितकी उंच तितकी ती डुलते. दोन मीटरची काठी फक्त एक अंश कलली, तर वरचा डबा साडेतीन सेंटीमीटर सरकतो. म्हणजे उपग्रहाने एवढ्या कष्टाने मिळवलेली अचूकता हाताच्या एका हिसक्यात गेली. काही नवी यंत्रं कल स्वतः दुरुस्त करतात. बाकीच्यांच्या काठीवर पाण्याचा बुडबुडा असतो, तो मध्यात हवा.

झाडाखालचा बिंदू घ्यायचा शहाणा मार्ग म्हणजे हट्ट न करणं. मोकळ्या जागी रोव्हरने दोन बिंदू घ्यायचे आणि तिथून टोटल स्टेशनने, म्हणजे प्रकाशकिरणाने अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने, झाडाखालचा दगड टिपायचा.

रोव्हरची परीक्षा घेण्याची रीत मात्र जुनीच आहे: उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारा. आधीच पक्क्या ठरलेल्या बिंदूवर काठी ठेवून आकडा जुळतो का पाहायचं. हद्दीचे महत्त्वाचे कोपरे एकदा घेतल्यावर अर्ध्या तासाने परत घ्यायचे. तोवर उपग्रह आकाशात सरकलेले असतात, त्यामुळे पहिल्या वेळी लहरीची चुकीची रेघ पकडली गेली असेल तर दुसरं उत्तर वेगळं येतं. आणि दोन खुणांमधलं अंतर साध्या टेपने मोजायचं. टेपला आयनोस्फियर नसतं.

संध्याकाळची घाईही टाळलेली बरी. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि त्याच्या उत्तरेच्या या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर आयनोस्फियर अस्वस्थ होतो, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. सूर्याची धग जास्त असलेल्या वर्षांत हा त्रास वाढतो. सूर्याच्या चालू चक्राचा जोर २०२४ मध्ये शिगेला होता.

यंत्र बरोबर, पण नकाशा?

आता दुसरं अर्धं. रोव्हर 'तुम्ही कुठे उभे आहात' हे सांगतो. 'तुमची हद्द कुठे आहे' हे त्याला ठाऊक नसतं. ते जुन्या अभिलेखातून येतं: टिपण, फाळणी नकाशा, गुणाकार बुक, गटाचा नकाशा. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे मूळ भूमापनही त्या काळातलं. तेव्हाचे गावनकाशे साखळीने मोजून कागदावर काढले गेले. त्यांवर अक्षांश-रेखांश नाहीत. पुढे वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, अनेक गावांत सर्व्हे नंबरचे गट झाले, कागद आकसला, घडीवर फाटला.

अशा नकाशातल्या रेषेची जाडीच शेतात काही फूट भरू शकते. तीन सेंटीमीटर अचूकतेचं यंत्र त्या रेषेच्या कोणत्या काठावर उभं करायचं, हा निर्णय यंत्र घेत नाही, भूकरमापक घेतो. म्हणून रोव्हरची मोजणी ही जुन्या दगडांची, विहिरीची, गावच्या शिवेवरच्या तिठ्याची जुळणी करूनच उभी राहते. दोन मोजण्यांत फरक आला तर बऱ्याचदा बोट यंत्राकडे जातं. खरा फरक असतो तो कोणत्या खुणा आधार धरल्या, यात. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. तेव्हा विचारायचा प्रश्न हाच: आधाराच्या खुणा कोणत्या घेतल्या, आणि मूळ टिपण पाहिलं का?

जुन्या-नव्याचा हा सांधा देशाच्या पातळीवरही आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. ७८ अंश रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत जाणाऱ्या या कामातच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. हा रेखांश नांदेडच्या किनवट भागातूनही जातो. त्या मोजणीसाठी पृथ्वीचा जो आकार धरला, तो एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जातो आणि तो उपग्रहांच्या हिशोबातल्या आकारापेक्षा वेगळा आहे. जुन्या सरकारी नकाशावरचा अक्षांश-रेखांश तसाच रोव्हरमध्ये टाकला, तर बिंदू शंभर मीटरहून जास्त लांब पडू शकतो.

ई-मोजणीच्या नव्या प्रणालीत शेतकऱ्याला मिळणाऱ्या 'क' प्रतीवर हद्दीच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश येऊ लागले आहेत. पूर आला, दगड वाहून गेले, तरी त्याच आकड्यांवर खुणा परत रोवता येतील. हे आकडे जपून ठेवताना मोजणीची तारीखही सोबत ठेवायला हवी, कारण जमीनही स्थिर नाही. भारताचा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हापासून आजपर्यंत औसा तालुक्यातलं प्रत्येक शेत, त्याचा धुरा आणि शेजाऱ्याचं शेत, सगळं मिळून उपग्रहांच्या हिशोबात दीड मीटरहून जास्त सरकलं आहे. कॉर्सचं केंद्रही सोबतच सरकतं, म्हणून मोजणीत त्याचा हिशोब लागतो. तीस वर्षांनी तेच आकडे थेट मोबाईलमध्ये टाकून कोणी दगड शोधायला निघालं, तर तो दीड मीटर बाजूला खणत बसेल.